हिवतापाच्या डासाला धरणारे सापळे: एक कुळकथा

हिवतापाशी लढायचे तर डास आधी मोजावे लागतात. घरात किती शिरले, किती चावले, किती भिंतीवर विसावले आणि किती पहाटे निघून गेले, हे कळल्याशिवाय फवारणी कामी आली की वाया गेली ते सांगता येत नाही. या मोजणीच्या साधनांना मोठा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात माणसाच्या देहापासून होते.

सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस रुग्णांना मच्छरदाणीत झोपवत आणि आत डास सोडत. रुग्णाचे रक्त प्यालेल्या अशाच एका अ‍ॅनॉफिलिस डासाच्या पोटात २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांना हिवतापाचा परजीवी दिसला. पुढे डासांची गणती करतानाही आमिष माणूसच राहिला. रात्रभर गुडघ्यापर्यंत पाय उघडे टाकून बसायचे आणि डास पायावर टेकला, की चावण्याआधी तो काचेच्या नळीत धरायचा. माणसाला दर रात्री किती डास चावतात, हे यावरून सर्वांत थेट कळते, म्हणून आजही इतर पद्धती या मापाशी ताडून पाहतात. पण पकडणाऱ्याला हिवतापाचा धोका राहतोच. त्याला प्रतिबंधक गोळ्या देता येतात, मात्र डासांमार्फत येणाऱ्या इतर रोगांवर त्या चालत नाहीत. शिवाय एकाचा हात चपळ, दुसऱ्याला डुलकी लागते, आणि आकडे तेवढे बदलतात.

दुसरी वाट विसावलेला डास शोधण्याची. रक्त पिऊन जड झालेली मादी भिंतीवर, छपराखाली, टांगलेल्या कपड्यांमागे बसते. महाराष्ट्राच्या आरोग्य खात्यातला कीटक समाहारक विजेरी आणि तोंडाने ओढायची नळी घेऊन घरे आणि गोठे तपासतो, तो याच मादीसाठी. एका माणसाला एका तासात किती डास सापडले, हे त्याचे माप. काही ठिकाणी खोलीभर पांढऱ्या चादरी अंथरतात, दारे-खिडक्या लावून शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून काढलेले पायरेथ्रम फवारतात आणि काही मिनिटांनी चादरीवर पडलेले डास वेचतात. त्यांच्या पोटातले रक्त माणसाचे की गुराचे, हेही तपासता येते. मात्र रात्रीच बाहेर पडलेला डास या दोन्ही पद्धतींच्या हाती लागत नाही.

त्याच्यासाठी खिडकीला जाळीचा पिंजरा बसवतात. १९४०च्या दशकात मुइरहेड-थॉमसन यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या प्रयोगाच्या झोपड्यांना असे पिंजरे लावले. डीडीटी हे कीटकनाशक मारलेल्या भिंतींपासून बिथरून डास बाहेर पळतात, हे अशा पिंजऱ्यांमुळे मोजता आले. भिंतीवर डास दिसला नाही म्हणजे तो मेलाच, असे धरता येत नाही, ही मोठी शिकवण त्यातून मिळाली.

आज जगभर वापरला जाणारा प्रकाशसापळा मात्र हिवतापासाठी जन्मलाच नव्हता. त्याचा पूर्वज न्यू जर्सीतला, १९३०च्या दशकातला, विजेच्या तारेवर चालणारा अवजड सापळा. जिथे वीज नाही तिथे तो निरुपयोगी. मेंदूज्वराच्या विषाणूंचा माग काढणाऱ्या अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेतल्या संशोधकांना रानावनात नेता येईल असे काही हवे होते. तिथल्या सुडिया आणि चेंबरलेन यांनी १९६२ साली बॅटरीवरच्या सापळ्याचा सुधारित नमुना प्रसिद्ध केला: वर झाकण, खाली छोटा दिवा, त्याखाली हवा ओढणारा पंखा आणि शेवटी जाळीची पिशवी.

हा सापळा घरात आला तो आफ्रिकेत. ओडेटोयिन्बो यांनी गांबियात तो हिवतापाच्या डासांवर वापरून पाहिला आणि १९६९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. माणूस मच्छरदाणीत झोपतो आणि सापळा शेजारी टांगतात. डासाला ओढून आणतो तो माणसाचा श्वास आणि गंध. जाळीमुळे चावता येत नाही, म्हणून तो भोवती घिरट्या घालतो, दिव्याजवळ येतो आणि पंख्याच्या झोतात सापडतो. रॉस यांच्या प्रयोगात मच्छरदाणी डासाला आत कोंडत होती. इथे ती माणसाला राखते. १९९१ साली लाइन्स आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या मुहेझा भागात हे सापळे आणि माणसावर पकडलेले डास यांची तुलना छापली, आणि पायांऐवजी सापळा वापरण्याला आधार मिळाला.

तरी सापळ्यातल्या आणि माणसावरच्या डासांचे एका भागातले प्रमाण दुसऱ्या भागाला लावता येत नाही. डासाची जात बदलली की त्याची खोडही बदलते. आपल्याकडचा क्युलिसिफेसीस जातीचा अ‍ॅनॉफिलिस डास बराचसा गुरांवर पोसतो. त्याच्यासाठी गोठा तपासायलाच हवा. म्हणून माझे मत असे: माणसाला किती चावे बसतात याचा अंदाज प्रकाशसापळ्याने घ्यावा, फवारणीचा परिणाम भिंतीवरचे डास आणि खिडकीचा पिंजरा यांवरून एकत्र ठरवावा आणि उघडे पाय शक्य तितके टाळावेत. वाचकांना विनंती एवढीच, की कीटक समाहारक दाराशी आला, तर त्याला आतल्या खोलीपर्यंत जाऊ द्या. त्याच्या नळीत आलेल्या डासांवरूनच तुमच्या गावात फवारणी करायची की नाही, याचा निर्णय अधिक नेमका होतो.