धर्मोपदेशकाची अदृश्य सेना

अमेरिकेच्या नकाशात जवळजवळ मधोमध आयोवा नावाचे एक राज्य आहे. मक्याची अफाट शेते, डुकरांचे कळप आणि गावोगाव उंच मनोऱ्याची चर्चे. एरवी या राज्याकडे जगाने डोळे लावून बसावे असे तेथे फारसे काही घडत नाही. परंतु १९७२ नंतरच्या कित्येक निवडणुकांत राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीचा पहिला मोठा कौल आयोवानेच दिला. त्यामुळे ऐन हिवाळ्यात, बर्फातून वाट काढीत, भलीभली माणसे तेथल्या शेतकऱ्यांच्या दारी येऊन उभी राहू लागली.

८ फेब्रुवारी १९८८ ची रात्र अशीच होती. रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार कोण असावा हे सांगण्यासाठी शाळांतून, चर्चांतून आणि काही ठिकाणी लोकांच्या दिवाणखान्यांतून सभा भरल्या होत्या. निकाल आला. पहिले आले कॅन्सस राज्याचे सिनेटर बॉब डोल. त्याचे नवल कोणाला वाटले नाही. नवल होते ते त्यांच्या खाली. सात वर्षे रेगनसाहेबांच्या बाजूला बसलेले उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश १९ टक्क्यांच्याही आत राहून तिसरे आले, आणि त्यांच्या वर, २५ टक्क्यांच्या जवळ जाऊन, दुसरे आले ते पॅट रॉबर्टसन नावाचे गृहस्थ. या गृहस्थांनी जन्मात कोणतीही निवडणूक जिंकलेली नव्हती. ते दूरचित्रवाणीवरून धर्मोपदेश करीत, प्रार्थनेने आजार बरे होतात असे सांगत, आणि वर्गणी मागत.

हा माणूस अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होणार काय, हा प्रश्न त्या रात्री हसण्यावारी नेण्यासारखा राहिला नाही.

रॉबर्टसन हे काही रस्त्यावरचे बैरागी नव्हेत. त्यांचे वडील विलिस रॉबर्टसन हे व्हर्जिनियाचे सिनेटर, तेही डेमोक्रॅटिक पक्षाचे. मुलाने येल विद्यापीठात कायद्याची पदवी घेतली, पण न्यूयॉर्कची वकिलीची परीक्षा काही त्याला साधली नाही. पुढे त्याला धर्माचा साक्षात्कार झाला आणि त्याने वकिलीचा नाद सोडला. १९६६ साली वडील पुन्हा उभे राहिले, तेव्हा त्यांना स्वपक्षाच्याच प्राथमिक निवडणुकीत सुमारे सहाशे मतांनी हार खावी लागली. मुलगा त्यांच्या प्रचाराला गेला नव्हता. परमेश्वराने मला परवानगी दिली नाही, असे त्याने पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहिले. वीस-एकवीस वर्षांनी त्याच परमेश्वराच्या आज्ञेने तो स्वतः प्राथमिक निवडणुकीला उभा राहिला! (मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस. ही गोष्ट मी रचून पाठवली असती तर संपादकांनी 'योगायोग फार झाला' म्हणून परत केली असती.)

मधल्या काळात या माणसाने जे उभे केले ते मात्र थक्क करणारे आहे. व्हर्जिनियातल्या पोर्टस्मथ गावी एक बंद पडलेले दूरचित्रवाणी केंद्र होते. जवळजवळ रिकाम्या खिशाने त्याने ते घेतले आणि १ ऑक्टोबर १९६१ रोजी त्यावरून पहिला कार्यक्रम दाखवला. १९६३ मध्ये खर्च भागेना, तेव्हा त्याने प्रेक्षकांना हाक दिली की, महिना दहा डॉलर देणारे सातशे लोक मला हवेत. त्यातून त्याच्या कार्यक्रमाचे नावच 'सातशेंचे मंडळ' असे पडले. पंचवीस वर्षांत त्या सातशेंचे लक्षावधी झाले. रोज सकाळी घराघरात दिसणारा, हसतमुख, नातेवाइकासारखा बोलणारा हा माणूस लोकांना आपल्या गावच्या पुढाऱ्यापेक्षा जवळचा वाटू लागला.

१९८५ च्या सप्टेंबरात ग्लोरिया नावाचे चक्रीवादळ व्हर्जिनियाच्या किनाऱ्याकडे येत होते. रॉबर्टसन यांनी प्रार्थना केली, आणि वादळ त्यांचा किनारा सोडून उत्तरेला लाँग आयलंडवर जाऊन आदळले. वादळ हलवता आले नसते तर राष्ट्र काय हलवणार, अशा अर्थाचे ते पुढे बोलले. लाँग आयलंडच्या लोकांना या प्रार्थनेविषयी काय वाटले असेल, ते असो.

१९८६ च्या सप्टेंबरात त्यांनी एक चमत्कारिक अट घातली. वर्षभरात तीस लाख लोकांनी सही करून मला उभे राहण्यास सांगितले तर मी उभा राहीन. वर्ष संपता तेहतीस लाख सह्या झाल्याचे त्यांनी जाहीर केले. तीस लाख सह्यांचा अर्थ, तीस लाख माणसांची नावे आणि पत्ते! निवडणूक लढवणाऱ्याला याहून मोलाचा ठेवा कोणता? मग त्यांनी बाप्टिस्ट धर्मोपदेशकाच्या पदाचा राजीनामा दिला आणि १ ऑक्टोबर १९८७ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका गरीब वस्तीत, जेथे ते तरुणपणी राहिले होते तेथेच, उमेदवारी घोषित केली. निदर्शकांच्या आरडाओरड्यात ती घोषणा नीट ऐकूसुद्धा आली नाही.

आता येथे थोडा वेळ थांबून, वाचकहो, एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. तिच्यावाचून पुढचे कोडे सुटत नाही. पक्षाचा उमेदवार निवडण्याच्या तेथे दोन रीती आहेत. एक 'कॉकस', दुसरी 'प्रायमरी', म्हणजे प्राथमिक निवडणूक. प्रायमरीत तुम्ही दिवसभरात केव्हाही जाता, पेटीत मत टाकता, घरी येता. कॉकसला मात्र ठरलेल्या रात्री, ठरलेल्या वेळी सभेला जावे लागते, भाषणे ऐकावी लागतात, तासभर बसावे लागते, आणि मग चिठ्ठी टाकायची. आपल्याकडे कार्तिकात काकडा असतो. पहाटे थंडीत उठून, आंघोळ करून, काकड आरतीला देवळात जाणारे गावात किती असतात? मोजके असतात, पण दर दिवशी तेच असतात. आणि जत्रेला? सारा गाव. कॉकस म्हणजे काकडा आणि प्रायमरी म्हणजे जत्रा, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

रॉबर्टसन यांची माणसे काकड्याची होती. त्यांना 'अदृश्य सेना' असे नाव पडले, कारण जनमत चाचणीच्या आकड्यांत ती फारशी दिसत नसत आणि सभेच्या रात्री मात्र चर्चच्या बसगाड्यांतून येऊन हजर होत. आयोवातच, १९८७ च्या सप्टेंबरात, एम्स गावी पक्षाने तिकिटे विकून एक लुटुपुटीचे मतदान घेतले होते. त्यात रॉबर्टसन ३४ टक्के मते मिळवून पहिले आले आणि बुश तिसरे. बुशसाहेबांनी त्याचे कारण असे सांगितले की, आपले पुष्कळ पाठीराखे त्या दिवशी विमानांची प्रात्यक्षिके पाहायला, लेकींच्या मेजवान्यांना किंवा गोल्फ खेळायला गेले होते. श्रीमंतांच्या पक्षातला हा जुना रोग त्यांनी स्वतःच्याच तोंडाने किती निरागसपणे सांगितला पाहा!

८ फेब्रुवारीच्या रात्रीचे हिशेबही पाहण्यासारखे आहेत. अठ्ठावीस लाखांच्या आसपास वस्तीच्या आयोवात रिपब्लिकन सभांना आले सुमारे एक लाख नऊ हजार. त्यांतले रॉबर्टसन यांचे सुमारे सत्तावीस हजार. म्हणजे एका बऱ्याशा तालुक्याच्या गावाएवढ्या माणसांनी उपराष्ट्राध्यक्षांना तिसऱ्या पाटावर बसवले. हवाई, अलास्का, वॉशिंग्टन ही राज्येही रॉबर्टसन यांनी जिंकली. तीनही ठिकाणी सभाच होत्या.

आठच दिवसांनी, १६ फेब्रुवारीला, न्यू हॅम्पशायरमध्ये पेटीतले मतदान झाले. बुश पहिले. रॉबर्टसन पाचवे, दहा टक्क्यांच्याही आत.

याच सुमारास त्यांच्या तोंडाने त्यांचा घात आरंभला. क्यूबात सोव्हिएट क्षेपणास्त्रे आहेत, असे ते एका वादसभेत म्हणाले, आणि सरकारने ते नाकारले. लेबाननमधले अमेरिकन ओलीस कोठे ठेवले होते हे आमच्या वार्ताहरांना ठाऊक होते, असे म्हणाले, आणि ठाऊक होते तर आम्हांला कसे कळवले नाही, असा प्रश्न खुद्द रेगन यांनी केला. २१ फेब्रुवारीला जिमी स्वॅगर्ट नावाच्या दुसऱ्या प्रख्यात दूरचित्रवाणी उपदेशकाने हजारो भक्तांसमोर ढसाढसा रडून आपल्या पापाची कबुली दिली. हा स्वॅगर्ट रॉबर्टसन यांचा पाठीराखा. हे प्रकरण नेमके आताच बाहेर यावे यात बुश यांच्या माणसांचा हात आहे, असे रॉबर्टसन यांनी सुचवले, पण पुरावा दिला नाही. वर्षभरापूर्वीच जिम बेकर या तिसऱ्या उपदेशकाची अब्रू गेली होती. सामान्य मतदाराला हे सारे एकाच माळेचे मणी दिसू लागले.

आणखी एक गोष्ट होती, कोरियाची. वडिलांच्या वशिल्याने त्यांनी आघाडीवर जाणे टाळले, असे पीट मॅक्लॉस्की या माजी काँग्रेस सदस्याने लिहिले होते. त्याच्यावर रॉबर्टसन यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. दाव्याची तारीख लागली ८ मार्च १९८८, आणि दक्षिणेकडच्या राज्यांचे मोठे मतदान तेही ८ मार्चलाच! त्यांनी दावा मागे घेतला आणि कोर्टाचा खर्च त्यांना भरावा लागला.

तथापि केवळ अशा चुकांनी हा माणूस हरला असे म्हणणे मला पटत नाही. चुका सगळेच उमेदवार करतात. खरी परीक्षा दक्षिण कॅरोलिनात होती. चर्चांनी गजबजलेले हे राज्य. येथे आपण जिंकलेच पाहिजे, असे रॉबर्टसन यांनी स्वतःच सांगून ठेवले होते. जत्रा असली तरी जत्रेला येणारे सारे भाविकच, मग भीती कसली? ५ मार्चला निकाल लागला. बुश ४८ टक्क्यांच्या वर, डोल २१ च्या आसपास, आणि रॉबर्टसन १९, म्हणजे तिसरे. तीन दिवसांनी सोळा राज्यांत रिपब्लिकन प्राथमिक निवडणुका झाल्या आणि सोळाही बुश यांनी जिंकल्या. रॉबर्टसन यांच्या स्वतःच्या व्हर्जिनियात त्यांना १४ टक्क्यांच्या आसपास मते पडली. त्याच दिवशी त्याच व्हर्जिनियात डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक जिंकली ती जेसी जॅक्सन यांनी. तेही बाप्टिस्ट धर्मोपदेशक! पण जॅक्सन यांच्यामागे कृष्णवर्णीयांचे सबंध मतदान उभे होते. रॉबर्टसन यांच्यामागे स्वतःची चर्चेसुद्धा एकदिलाने नव्हती.

मला वाटते, मर्म येथे आहे. बाहेरून आपल्याला जो 'धार्मिक मतदार' एकसंध दिसतो तो आतून तसा नसतो. रॉबर्टसन ज्या पंथाचे त्यात अंगात आत्मा संचारून अनोळखी भाषा तोंडी येते, हात ठेवून रोगी बरा होतो. शेजारच्याच कर्मठ बाप्टिस्ट चर्चला हे सारे थोतांड वाटे. जेरी फॉलवेल हे त्या दुसऱ्या पंथाचे मोठे पुढारी, तेही व्हर्जिनियाचेच, आणि त्यांनी पाठिंबा दिला होता बुश यांना. एका गावात दोन कीर्तनकार असले म्हणजे काय होते हे आपल्याला सांगायला नको. आणि चर्चला नेमाने जाणारा एखादा शेतकरी किंवा गिरणीतला कामगार पेटीपाशी गेला की त्याच्या मनात रेगन यांचे राज्य असे, नोकरी असे, रशिया असे. पाद्रीबुवांनी लग्न लावावे, मयताला यावे, मूल आजारी असता प्रार्थना करावी. अणुबाँबची किल्ली त्यांच्या हाती द्यावी असे त्या भल्या माणसाला वाटले नाही. दक्षिणेत धार्मिक मतदारांची अधिक मते रॉबर्टसन यांच्यापेक्षा बुश यांनाच पडली.

वसंत सरेपर्यंत खेळ आटोपला होता. ऑगस्टमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या अधिवेशनात रॉबर्टसन यांनी बुश यांच्या बाजूने भाषण केले. परंतु ती लाखो नावे आणि पत्ते वाया जाणार थोडेच! १९८९ मध्ये राल्फ रीड नावाच्या तरुणाला हाताशी धरून त्यांनी 'ख्रिश्चन कोअलिशन' ही संस्था काढली. शाळांच्या मंडळांपासून पक्षाच्या जिल्हा समित्यांपर्यंत जेथे जेथे थोडी माणसे चिकाटीने बसली की काम होते, तेथे तेथे ती शिरली.

पुढे अनेकांनी त्या वाटेने जाऊन पाहिले. २००८ मध्ये माइक हकबी, स्वतः बाप्टिस्ट पाद्री आणि आर्कान्साचे माजी गव्हर्नर, आयोवात ३४ टक्के मतांनी पहिले आले आणि दक्षिण कॅरोलिनात जॉन मॅकेन यांच्यापुढे तीन टक्क्यांनी अडले. २०१२ मध्ये कॅथलिक रिक सँटोरम आयोवात अवघ्या ३४ मतांनी जिंकले. २०१६ मध्ये टेड क्रूझ जिंकले. तिघांपैकी एकालाही पक्षाची उमेदवारी मिळाली नाही.

हकबी यांचे नाव निघाले म्हणून सांगतो. २००७ च्या नोव्हेंबरात, आयोवाची सभा दोन महिन्यांवर आली असता, रॉबर्टसन यांनी आपला पाठिंबा जाहीर केला. एक धर्मोपदेशक मैदानात होताच. परंतु त्यांनी निवडले न्यूयॉर्कचे माजी महापौर रूडी ज्युलिआनी यांना. तीन लग्ने झालेले, गर्भपाताचा हक्क मान्य करणारे हे गृहस्थ. दहशतवादापासून देशाचे रक्षण हा या वेळी मोठा प्रश्न आहे, असे रॉबर्टसन यांनी त्याचे कारण दिले. ज्युलिआनी यांना एकही राज्य जिंकता आले नाही, आणि जानेवारी संपण्यापूर्वीच ते शर्यतीतून बाहेर पडले.