तळटीप : ‘उसाने रानातली सगळी साखर ओढून घेतली’

* रानात साखर नसते. ती पानात तयार होते. उसामुळे जमिनीचा कस जातो ही लेखकाची तक्रार रास्त आहे, पण ती नत्र, स्फुरद, पालाश यांच्याबाबत. मुळे ही द्रव्ये आणि पाणी वर पाठवतात. साखरेतला कार्बन मात्र हवेतला : पानांवरच्या सूक्ष्म रंध्रांतून कार्बन डायऑक्साइड आत शिरतो. हरितद्रव्याने शोषलेल्या सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेवर पाण्याचे रेणू फुटतात, ऑक्सिजन बाहेर पडतो (हा ऑक्सिजन पाण्यातला असतो, कार्बन डायऑक्साइडमधला नव्हे, पुष्कळांचा इथे गोंधळ होतो) आणि त्याच ऊर्जेच्या बळावर कार्बनची शर्करा बनते.

उसाची तऱ्हा आणखी निराळी. भात-गव्हात कार्बन पकडणारे रुबिस्को हे विकर अधूनमधून चुकून ऑक्सिजनच धरते, आणि उष्णता वाढली की ही उधळपट्टी वाढते. ऊस आधी दुसऱ्याच विकराकरवी कार्बन डायऑक्साइड चार कार्बनच्या आम्लात बांधतो, ते आम्ल शिरांभोवतीच्या पेशींत पोचवतो आणि तिथे वायू पुन्हा मोकळा करतो. तिथे तो इतका दाट साठतो, की रुबिस्कोला चुकायला फारसा वाव राहत नाही. मार्शल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी १९६६ साली ऑस्ट्रेलियात हा मार्ग मांडला, तोही उसाच्याच पानांवर प्रयोग करून. मका, ज्वारी आणि बाजरी याच वाटेच्या. – संपा.