चतुर्थक एक, उत्तरे तीन

आठ मुलांचे गुण चढत्या क्रमाने लावू: १०, १४, १८, २१, २५, २७, ३०, ३४. पहिला चतुर्थक किती? महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अकरावी वाणिज्यच्या पुस्तकातील रीतीने १५. एक्सेलच्या नेहमीच्या क्वार्टाइल सूत्राने १७. खालच्या चार गुणांचा मध्यक घेतला तर १६. मग १७ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे उत्तर चूक ठरवायचे का?

या कल्पनेचा उगम पाहू. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७५ साली माणसे गुणानुक्रमे ओळीत लावून मधला आणि पाव अंतरावरचा माणूस पाहण्याची रीत मांडली. ‘क्वार्टाइल’ हा शब्द डोनाल्ड मॅकॅलिस्टर यांनी १८७९ मध्ये वापरला. ओळ लांब असली की शेजारच्या दोघांत फारसा फरक नसतो. आठच जण असले, की पाव भाग १४ आणि १८ यांच्यामधल्या मोकळ्या जागेत पडतो. तिथली कोणतीही संख्या दोन मुलांना खाली आणि सहांना वर ठेवते. व्याख्येची मागणी एवढीच आहे. नेमकी संख्या ठरवते ती रीत.

भाईंदरच्या मिठागरांचे उदाहरण घेऊ. ओळीत आठ बांध असले तर मधले वाफे सात. दोन्ही टोकांबाहेरची जागा धरली तर नऊ. एक्सेलचे सूत्र सात वाफे मोजते: पहिल्या बांधापासून पावणेदोन वाफे पुढे गेले की १७. आपले पुस्तक नऊ धरते. पाहिलेल्या गुणांहून कमी वा जास्त गुणही असू शकतात, हा त्यामागचा विचार. नवाचा पाव सव्वादोन, म्हणून सव्वादोनाव्या जागी १५.

जॉन ट्यूकी यांनी १९७७ च्या पुस्तकात कागद-पेन्सिलीने जमेल अशी अर्ध्याच्या मध्यकाची रीत दिली. पुढे प्रत्येक संगणकप्रणालीने आपापली रीत धरली: मिनिटॅब व एसपीएसएस यांनी नऊची, ‘आर’ने सातची, सॅसच्या नेहमीच्या रीतीने येथे १६ येतात. हाइंडमन आणि फॅन यांनी १९९६ मध्ये अशा नऊ रीती नोंदवून एकीची शिफारस केली. तरी जुनी उत्तरे बदलू नयेत म्हणून प्रणालींनी आपल्या मूळ रीती सोडल्या नाहीत. २०१० पासून तर एक्सेलमध्येच सात आणि नऊ अशा दोन्ही रीती आहेत.

म्हणून उत्तरपत्रिकेत संख्येशेजारी रीतही लिहायला सांगावी. रीत सांगून काढलेले १७ चूक नाही. परीक्षेत पुस्तकाची रीत हवी असेल तर ते प्रश्नातच लिहावे.