पाळीची अंतर्वस्त्रे : धुणे, वाळवणे आणि निगा

मासिक पाळीच्या काळात वापरून, धुऊन पुन्हा वापरता येणारी अंतर्वस्त्रे आता शहरांतील दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात सहज मिळू लागली आहेत. 'पीरियड पँटी' या नावाने ओळखले जाणारे हे वस्त्र वेगळे पॅड न लावता स्राव स्वतःच शोषून घेते. नीट निगा राखल्यास एक नग साधारण दोन वर्षे टिकतो, असे बहुतेक उत्पादक सांगतात. त्यामुळे दरमहा होणारा पॅडचा खर्च कमी होतो आणि घरातून बाहेर पडणारा कचराही घटतो. मात्र हे दोन्ही लाभ एका अटीवर अवलंबून असतात. वस्त्र स्वच्छ धुतले गेले पाहिजे आणि पुढच्या वापरापूर्वी ते आतपर्यंत कोरडे झाले पाहिजे. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गोव्यात या अटीचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा कठीण ठरतो.

वस्त्राची रचना

वरून हे अंतर्वस्त्र नेहमीच्या अंतर्वस्त्रासारखेच दिसते. फरक असतो तो मधल्या पट्टीत. तेथे सहसा तीन काम करणारे थर असतात. त्वचेला लागणारा पहिला थर ओलावा झटकन खाली जाऊ देतो. दुसरा थर सुती, बांबूपासून काढलेल्या धाग्याचा किंवा सूक्ष्म कृत्रिम तंतूंचा असून तो स्राव धरून ठेवतो. तिसऱ्या थरावर पॉलियुरेथेनचा पातळ पडदा चढवलेला असतो. हा पडदा द्रव बाहेर झिरपू देत नाही.

धुण्याचे जवळजवळ सारे नियम या रचनेतून निघतात. शोषणारा थर जाड असल्यामुळे तो उशिरा स्वच्छ होतो आणि उशिरा वाळतो. पडदा उष्णतेला नाजूक असल्यामुळे गरम पाणी, इस्त्री आणि ड्रायरची तीव्र उष्णता त्याला सोसत नाही. कंबरेच्या व मांड्यांच्या लवचीक पट्ट्या ब्लीचमुळे निकामी होतात.

पाळीचे कापड उकळत्या पाण्यातून काढावे, असा सल्ला अनेक घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया देत आल्या आहेत. निव्वळ सुती कापडासाठी तो योग्यच होता. सुताला उकळी सोसते आणि जंतूही मरतात. या नव्या वस्त्राला मात्र तो लागू पडत नाही. एकदा उकळले तरी आतील पडदा कापडापासून सुटू शकतो आणि मग वस्त्र गळू लागते.

थंड पाण्याचे कारण

रक्तात हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन यांसारखी प्रथिने असतात. उष्णता लागली की अंड्याचा पांढरा बलक जसा घट्ट होतो, तशीच ही प्रथिने गोठतात आणि कापडाच्या तंतूंना धरून बसतात. म्हणूनच रक्ताच्या डागावर गरम पाणी ओतल्यास तो कायमचा बसतो. नळाच्या साध्या पाण्यात मात्र ही प्रथिने विरघळून निघून जातात. उन्हाळ्यात गच्चीवरील टाकीचे पाणी दुपारी बरेच तापते. त्या दिवसांत सकाळचे किंवा विहिरीचे पाणी वापरणे अधिक बरे.

धुण्याची पद्धत

नवे वस्त्र वापरण्यापूर्वी एकदा धुऊन घ्यावे. कारखान्यात कापडावर चढवलेली खळ त्यामुळे निघते आणि शोषणक्षमता वाढते.

वापरलेले वस्त्र शक्य तितक्या लवकर उलटे करून वाहत्या थंड पाण्याखाली धरावे. मधली पट्टी तळहातांमध्ये हलकेच दाबत राहावी आणि पाणी जवळपास स्वच्छ येईपर्यंत हे चालू ठेवावे. हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. जाड थरातील रक्त येथे निघाले नाही, तर पुढे साबण कितीही लावला तरी वास राहतो.

यानंतर थंड पाण्यात १५ ते ३० मिनिटे भिजत ठेवणे पुरेसे असते. रात्रभर बादलीत ठेवल्यास साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि त्याच पाण्यात वस्त्र मुरत राहते.

हाताने धुताना सौम्य डिटर्जंट थोड्याच प्रमाणात घ्यावे. ब्रशने घासू नये. पृष्ठभागाचे तंतू त्यामुळे उसवतात. फेस पूर्ण जाईपर्यंत दोन-तीनदा स्वच्छ पाण्यात खळबळावे. कापडात राहिलेला साबण त्वचेला खाज आणतो आणि शोषणक्षमताही कमी करतो. क्षारयुक्त पाण्यात साबण नीट निघत नाही, म्हणून अशा ठिकाणी एकदा जास्त खळबळावे. शेवटी वस्त्र पिळू नये. ते कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबले की बरेचसे पाणी टॉवेलमध्ये उतरते आणि वाळण्याचा वेळही कमी होतो.

यंत्रात धुवायचे असल्यास आधी हाताने रक्त काढून टाकावे. मग वस्त्र जाळीच्या पिशवीत घालून ३० अंश सेल्सिअसपर्यंतच्या सौम्य फेरीत टाकावे. घरातील इतर कपड्यांबरोबर ते धुण्यास काहीच हरकत नाही.

काही पदार्थ कटाक्षाने टाळावेत. कपडे मऊ करणारे द्रव तंतूंवर थर चढवतात आणि वस्त्र पाणी शोषेनासे होते. क्लोरीनयुक्त ब्लीच लवचीक पट्ट्या व आतील पडदा खराब करते. जंतुनाशक द्रवाचा अंश कापडात राहिल्यास नाजूक त्वचेची आग होऊ शकते. साबण, भरपूर पाणी आणि पूर्ण कोरडेपणा एवढ्यावर रोजच्या स्वच्छतेचे काम भागते. वस्त्रावरील चिठ्ठीत वेगळी सूचना असल्यास ती पाळावी.

वाळवणे : खरी कसोटी

साधे सुती अंतर्वस्त्र जेवढ्या वेळात वाळते, त्याच्या कितीतरी पट वेळ या वस्त्राच्या मधल्या पट्टीला लागतो. कंबरेची पट्टी कोरडी लागली म्हणून वस्त्र वाळले असे समजणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. आत राहिलेल्या ओलाव्यात जंतू आणि बुरशी वाढतात. पुढच्या वापरात तोच ओलावा तासन्‌तास त्वचेला लागून राहतो.

याचे परिणाम अभ्यासांतही दिसले आहेत. ओडिशातील रुग्णालयांत आलेल्या स्त्रियांची पाहणी करणारा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पाळीचे कापड घराच्या आत वाळवणाऱ्या आणि शौचालयात लपवून ठेवणाऱ्या स्त्रियांमध्ये कॅन्डिडा या बुरशीचा संसर्ग अधिक आढळल्याची नोंद त्यात आहे. तो अभ्यास साध्या कापडाविषयीचा होता आणि अशा पाहणीतून थेट कारण सिद्ध होत नाही. तरीही ओले वस्त्र अंधारात ठेवण्याचा धोका त्यातून पुरेसा स्पष्ट होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत १५ ते २४ वयोगटातील सुमारे निम्म्या युवतींनी पाळीत कापड वापरत असल्याचे सांगितले होते. म्हणजे वाळवण्याचा प्रश्न नव्या वस्त्राबरोबर आलेला नाही; तो जुनाच आहे.

आणि हा प्रश्न केवळ हवामानाचा नाही. पाळीचे कापड कुणाच्या नजरेस पडू नये, म्हणून ते साडीखाली, परकराखाली, न्हाणीघराच्या कोपऱ्यात किंवा कपाटामागे वाळत घालण्याची सवय अनेक घरांत अजून आहे. एका ओल्या कापडावर दुसरे ओले कापड पडले की वारा लागत नाही, ऊन तर नाहीच. वस्त्र महाग असो वा स्वस्त, या जागी त्याची सारी स्वच्छता वाया जाते. या नव्या वस्त्राची एक सोय येथे उपयोगी पडते. धुतल्यावर ते इतर अंतर्वस्त्रांसारखेच दिसते. त्यामुळे घरच्यांच्या कपड्यांच्या रांगेत, त्याच दोरीवर ते घालता येते.

वाळवताना आतली बाजू बाहेर काढून ती उन्हाकडे करावी. शोषणाऱ्या थराला त्यामुळे थेट ऊन मिळते आणि बाहेरच्या बाजूचा नाजूक पडदा सावलीत राहतो. कंबरेच्या पट्टीला दोन चिमटे लावून वस्त्र उघडे टांगावे. दोरीवर दुमडून घातल्यास दुमड ओलीच राहते. वाळल्यावर ते उन्हात पडू देऊ नये, कारण दिवसेंदिवस कडक ऊन लागल्यास लवचीक पट्ट्या सैल होतात.

पावसाळ्यातील व्यवस्था

जून ते सप्टेंबर या महिन्यांत कोकण आणि गोव्यात सलग काही दिवस ऊन पडत नाही आणि घरातील हवाही ओलीच असते. या काळात वस्त्र हवेशीर खोलीत, भिंतीपासून दूर, पंख्याखाली टांगावे. वातानुकूलन यंत्र असल्यास त्याची कोरड्या हवेची सोय उपयोगी पडते. न्हाणीघरात, बंद बाल्कनीत किंवा स्वयंपाकघरातील वाफेजवळ ते घालू नये. घाई म्हणून इस्त्री फिरवणे किंवा तव्याजवळ धरणे तर टाळावेच. पाऊस थांबून थोडा वेळ जरी ऊन पडले, तरी ते साधून घ्यावे.

वस्त्र वाळले की नाही हे पाहण्यासाठी मधली पट्टी गालाला लावून पाहावी. गार लागली तर आत ओलावा आहे. पट्टीवर कोरडा रुमाल घट्ट दाबूनही हे कळते. शंका असल्यास ते वस्त्र त्या दिवशी वापरू नये.

म्हणून किती नग घ्यावेत हा हिशोबही वाळवण्यावरून करावा. दिवसाला दोन वस्त्रे लागत असतील आणि ती एका दिवसात वाळत असतील, तर दोन वापरात, दोन दोरीवर आणि एक राखीव अशी पाच पुरतात. पावसाळ्यात वाळायला दोन दिवस लागल्यास दोरीवरची संख्या चार होते आणि एकूण सात लागतात. एवढी घेणे परवडत नसेल, तर पावसाळ्यात जास्त स्रावाच्या दिवशी पॅड किंवा कप आणि उरलेल्या दिवशी ही वस्त्रे असा मेळ घालावा. अर्धवट वाळलेले वस्त्र वापरण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

घराबाहेर आणि वसतिगृहात

वापरलेले वस्त्र लगेच धुता येत नसेल, तर ते आतल्या बाजूने घडी करून जलरोधक पिशवीत ठेवावे आणि घरी पोहोचताच थंड पाण्याखाली धरावे. ही पिशवीही प्रत्येक वेळी धुऊन वाळवावी. सामाईक न्हाणीघर असलेल्या वसतिगृहात स्वतःची लहान बादली व चिमटे वेगळे ठेवणे सोयीचे ठरते. वस्त्र कुणाबरोबरही वाटून घेऊ नये.

एक वस्त्र ८ ते १२ तास चालते, असे उत्पादक सांगतात. दमट हवेत आणि जास्त स्रावाच्या दिवशी ते त्याआधीच बदलणे योग्य. ओलसर वाटू लागले की वेळ पाहत बसू नये.

डाग, वास आणि आयुष्य

धुऊनही फिकट डाग राहिला म्हणून वस्त्र अस्वच्छ झाले असे नाही. रंग उरतो, पण रक्त निघून गेलेले असते. वाळल्यावरही कुबट वास येत असेल, तर मात्र आत काहीतरी राहिले आहे असे समजावे आणि वस्त्र पुन्हा थंड पाण्यात भिजवून, धुऊन, उन्हात पूर्ण वाळवावे. तरीही वास टिकला तर ते बाद करावे.

आतील पडदा सुरकुतला, त्यावर फुगे आले किंवा तो सोलवटू लागला, तर वस्त्राचे आयुष्य संपत आले आहे. शंका असल्यास मधल्या पट्टीवर दोन चमचे पाणी टाकून खाली कोरडा कागद ठेवावा आणि वरून दाबावे. कागद भिजला तर पडदा निकामी झाला आहे. बाद केलेल्या वस्त्रात प्लास्टिकचा अंश असल्यामुळे ते ओल्या कचऱ्यात टाकू नये. ते कागदात गुंडाळून, पालिका किंवा पंचायत सॅनिटरी कचऱ्यासाठी जशी सूचना देते त्याप्रमाणे द्यावे.

खरेदी करताना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह पाहावे. पुन्हा वापरायचे पॅड आणि पाळीची अंतर्वस्त्रे यांसाठी आयएस १७५१४:२०२१ हे मानक ठरवलेले आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. ८० मिलिलिटरहून अधिक रक्तस्राव जास्त मानला जातो. घरी मोजमाप करता येत नाही, परंतु वस्त्र किंवा पॅड तासा-दोन तासांनी पूर्ण भिजत असेल, मोठ्या गुठळ्या पडत असतील किंवा सतत थकवा जाणवत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. योनीमार्गाला खाज, आग, दुर्गंधी किंवा दह्यासारखा पांढरा स्राव ही संसर्गाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी वस्त्र कसे धुतले आणि कुठे वाळवले, हेही डॉक्टरांना सांगावे. ओळखीच्या औषधाने बरे वाटले, तरी तेच ओलसर वस्त्र वापरत राहिल्यास तक्रार पुन्हा उद्भवू शकते.

पाळी संपल्यावर सर्व नग एकदा उन्हात घालून, थंड झाल्यावर सुती पिशवीत भरून कोरड्या कपाटात ठेवावेत. पावसाळ्यात महिनाभराने ते बाहेर काढताना वास घेऊन पाहावा आणि गरज वाटल्यास वापरापूर्वी पुन्हा वाळवावेत. घरात मुलगी वयात येत असेल, तर तिला ही वस्त्रे धुण्याची रीत दाखवताना दोरीवरची तिची जागाही त्याच वेळी दाखवून द्यावी.