अर्धवट डावाची वाटणी

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता एका रात्री साडेबाराच्या सुमारास भाच्याचा गोव्याहून फोन आला. मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या एका तरंगत्या कॅसिनोत तो पोकरची स्पर्धा खेळत होता. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं आणि ते मी तिला सांगितलं नव्हतं, एवढा माझा त्यातला सहभाग.

"मामा, फायनल टेबलवर तिघंच उरलोय. पहिल्याला 10 लाख, दुसऱ्याला 6, तिसऱ्याला 4. निम्म्या चिप्स माझ्याकडे आहेत. एकाकडे 30 टक्के, एकाकडे 20. खेळ थांबवून वाटून घेऊ या असं चाललंय. मी म्हटलं, ज्याच्या जेवढ्या चिप्स तेवढा त्याचा वाटा. तर 20 टक्केवाले काका नुसते हसले. दहा मिनिटांची सुट्टी मिळालीय. तू सांग, यात चुकलं काय?"

ते काका का हसले, हे कळायला गणित लागत नाही. एकूण रक्कम 20 लाख. चिप्सच्या प्रमाणात वाटली तर भाच्याला 10 लाख, म्हणजे एकही पत्ता न उचलता पहिलं बक्षीस. आणि काकांना 4 लाख, जे त्यांना डोळे मिटून हरले तरी मिळणारच होते. असल्या वाटणीला कोण कशाला 'हो' म्हणेल? पण भाच्याला मी हसू शकलो नाही. कारण हीच चूक सव्वापाचशे वर्षांपूर्वी युरोपातल्या एका मान्यवर गणितज्ञाने छापील ग्रंथात करून ठेवली आहे. महाविद्यालयात गणित शिकवत असताना दर वर्षी मी ती फळ्यावर लिहीत आलो.

तो ग्रंथ लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूचा. व्हेनिसमध्ये 1494 साली छापलेला 'सुम्मा'. जमाखर्चाच्या दुहेरी नोंद पद्धतीचं पहिलं छापील विवेचन त्यातच आहे. आपल्याकडे पाडव्याला चोपडीपूजन करणाऱ्या व्यापाऱ्यांनी या साधूलाही एखादं फूल वाहायला हरकत नाही. याच ग्रंथात पाचोली एक प्रश्न घालतो. दोन पक्ष चेंडूचा खेळ खेळताहेत. जो आधी 60 गुण करील तो पैजेची सगळी रक्कम नेणार. प्रत्येक डाव 10 गुणांचा. एका पक्षाचे 50 आणि दुसऱ्याचे 20 झालेले असताना काही कारणाने खेळ थांबतो. पैसे कसे वाटायचे?

पाचोलीचं उत्तर सरळ आहे: 50 ला 20, म्हणजे पाचास दोन. भागीदारीत ज्याने जेवढं भांडवल घातलं त्याला तेवढा नफा, या हिशेबी वळणाचंच ते उत्तर. जमाखर्ची माणसाला मिळवलेले गुण म्हणजे जमेची बाजू वाटावी, हे साहजिक होतं.

निकोलो तार्ताल्याने 1556 साली यावर बोट ठेवलं. समजा पहिलाच डाव झाला आणि खेळ थांबला. एकाचे 10 गुण, दुसऱ्याचा शून्य. पाचोलीच्या नियमाने सगळी रक्कम पहिल्याची! म्हणून तार्ताल्याने वेगळा नियम सुचवला: पुढे असलेल्याने आपली पैज परत घ्यावी आणि गुणांतला फरक 60 चा जितवा भाग असेल तितवा भाग समोरच्याच्या पैजेतून घ्यावा. पाचोलीच्या उदाहरणात फरक 30 चा. म्हणजे आपली सगळी पैज आणि समोरच्याची निम्मी. वाटणी तिनास एक. पण तार्ताल्याचं स्वतःचंही समाधान झालेलं नव्हतं. हा प्रश्न गणितापेक्षा न्यायनिवाड्याचा आहे आणि कसाही सोडवला तरी भांडणाला जागा राहणारच, असं तो लिहून गेला. मी वर्गात हे वाक्य पराभवाची कबुली म्हणून सांगत असे. आता तसं सांगणार नाही.

त्याआधी 1539 मध्ये जेरोलामो कार्दानोने मुद्द्याच्या जवळ जाणारी गोष्ट ओळखली होती. (हाच कार्दानो, ज्याने त्रिघात समीकरणाची तार्ताल्याकडून गुप्ततेच्या शपथेवर घेतलेली रीत 1545 मध्ये छापून टाकली. तार्ताल्याने जन्मभर त्याला क्षमा केली नाही.) कार्दानो पेशाने वैद्य आणि सवयीने जुगारी. किती डाव झाले हे पाहू नका, किती उरलेत ते पाहा, असं त्याचं म्हणणं. फासे हाती धरलेल्या माणसालाच हे सुचावं! पहिल्याला जिंकायला एक डाव हवा, दुसऱ्याला चार. मात्र पुढच्या हिशेबात तो घसरला. एकपासून चारपर्यंतच्या संख्यांची बेरीज 10, एकाची बेरीज 1, म्हणून वाटणी दहास एक, असं त्याने ठरवलं. दिशा बरोबर, उत्तर चूक.

उत्तर मिळायला 1654 साल उजाडावं लागलं. आंत्वान गोंबो, ज्याला शव्हालिए द मेरे म्हणत, हा पॅरिसमधला एक दरबारी रसिक. त्याने हा जुना तिढा ब्लेझ पास्कालपुढे ठेवला आणि पास्कालने तुलूझला पिएर द फेर्माला लिहिलं. 29 जुलैच्या पत्रात पास्काल 32-32 पिस्तोलांची पैज घेतो. जो आधी तीन डाव मारील त्याला सगळे 64. एकाचे दोन डाव झालेत, दुसऱ्याचा एक, आणि खेळ थांबवायचा आहे. पुढे असलेल्याने काय म्हणावं? पुढचा डाव मी मारला तर 64 माझे. हरलो तर बरोबरी, म्हणजे 32 माझे. याचा अर्थ 32 आताच माझे झालेले आहेत. त्यांच्यावर वाद नाही. वाद आहे तो उरलेल्या 32 वर, आणि त्यांवर दोघांचा हक्क सारखा. म्हणून 48 मला, 16 तुला. मग या पायरीवर उभं राहून पास्काल मागे जातो. दोन-शून्य असेल तर जिंकल्यास 64 आणि हरल्यास वर निघालेले 48. म्हणून 56 आणि 8. एक-शून्य असेल तर 44 आणि 20.

फेर्माची वाट निराळी होती. उरलेले डाव खेळले असते तर काय काय घडू शकलं असतं, त्याची पूर्ण यादी करायची आणि कोणाच्या बाजूने किती शक्यता पडतात ते मोजायचं. यावर रोबेर्व्हाल या गणितज्ञाने आक्षेप घेतला: एकजण जिंकल्यावर खेळ तिथेच संपतो, मग न खेळलेले डाव मोजायचेच कशाला? पास्कालला या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी बराच कागद खर्चावा लागला. दोन्ही वाटांनी एकच आकडा येतो, याचा त्याला झालेला आनंद पत्रात लपत नाही. पाचोलीच्या प्रश्नाला या रीतीने उत्तर येतं ते असं: मागे पडलेल्या पक्षाला सलग चार डाव मारावे लागतील, तसं होण्याची शक्यता सोळात एक. वाटणी पंधरास एक. पाचोलीचं पाचास दोन कुठे आणि हे कुठे!

आणखी एक गंमत. फेर्मा व्यवसायाने गणितज्ञ नव्हताच. तुलूझच्या पार्लमाँचा, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायालयाचा, तो सल्लागार होता. तार्ताल्याने न्यायाधीशाकडे सोपवलेला प्रश्न शंभर वर्षांनी खरोखरच एका न्यायाधीशाच्या मेजावर येऊन पडला होता.

1657 मध्ये क्रिस्तियान हायगेन्सने ही रीत लहानशा पुस्तकात बांधून दिली आणि न घडलेल्या भविष्याची आजची किंमत काढण्याचं शास्त्र मार्गी लागलं. विम्याचे हप्ते त्याच रस्त्याने पुढे आले. तो इतिहास इथे नको. आपल्याला पत्त्यांच्या टेबलावर परत जायचं आहे.

पोकरच्या स्पर्धेत अडचण वाढते, कारण बक्षिसं अनेक आणि खेळाडूही अनेक. लास वेगासमधल्या बिनियन्स हॉर्सशू या कॅसिनोत 1970 पासून भरू लागलेल्या जागतिक मालिकेत सुरुवातीला मुख्य स्पर्धेत एकालाच सगळं मिळे. पण सगळं एकालाच म्हटलं की खाली वेगळं काहीतरी शिजतंच. 1972 मध्ये आठजण बसले होते. शेवटी डॉईल ब्रन्सन, पगी पिअर्सन आणि ॲमारिलो स्लिम असे तिघं उरले. त्या काळी टेक्सासमधल्या सभ्य घरांत जुगारी हा शब्द तोंडावर काढण्यासारखा नव्हता. विजेता म्हणून छायाचित्र छापून येणं ब्रन्सन यांना नको होतं. त्यांनी पुढे स्वतःच सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे पोटदुखीचं निमित्त करून ते आपल्या वाट्याचे पैसे घेऊन उठले. प्रसिद्धीची हौस असलेला स्लिम जिंकला आणि दूरचित्रवाणीवर गप्पा मारत देशभर पोहोचला. अंतिम टेबलावरची ही बहुधा सर्वांत गाजलेली तडजोड. आणि तिच्या मुळाशी रक्कम नव्हती, अब्रू होती. पुढे 1978 मध्ये आयोजकांनीच बक्षीस पहिल्या पाचांत विभागलं. खेळाडू टेबलाखाली करत होते ते एका अर्थी टेबलावर आलं.

हिशेबाची रीत 1980 च्या दशकात मेसन माल्मथ या लेखकाने पोकरमध्ये आणली. तुमच्याकडे जितके टक्के चिप्स तितकी तुमची पहिलं येण्याची शक्यता धरायची. मग पहिला आलेला बाजूला काढून उरलेल्यांत त्याच प्रमाणाने दुसरा कोण ते पाहायचं, आणि प्रत्येक शक्यतेला त्या बक्षिसाने गुणायचं. घोड्यांच्या शर्यतीसाठी डेव्हिड हार्विल यांनी 1973 मध्ये मांडलेलं सूत्र हेच. आत्मा फेर्माचाच: न झालेल्या डावांची यादी. कोण किती निष्णात, हे मात्र या सूत्राला दिसत नाही.

आणि कोणाला पैशाची किती निकड आहे, हेही दिसत नाही. 2003 ची मालिका आठवा. 839 खेळाडू, प्रत्येकी 10,000 डॉलर प्रवेशमूल्य. टेनेसीतला 27 वर्षांचा हिशेबनीस ख्रिस मनीमेकर इंटरनेटवरच्या स्वस्त पात्रता स्पर्धेतून आत आला आणि शेवटच्या दोघांत पोहोचला. समोर सॅमी फार्हा, मुरलेला व्यावसायिक जुगारी. पहिलं बक्षीस 25 लाख डॉलर, दुसरं 13 लाख. चिप्सची आघाडी मनीमेकरकडे असूनही त्यानेच रक्कम अर्धी-अर्धी वाटून घेण्याचा प्रस्ताव ठेवला. त्याच्याकडे दोन तृतीयांश चिप्स धरल्या तर पास्कालच्या रीतीने त्याचा वाटा 21 लाख निघतो. तो 19 वर तयार होता. म्हणजे खात्रीसाठी 2 लाख डॉलर सोडायला निघाला होता! फार्हाने नकार दिला. मनीमेकर जिंकला.

मनीमेकरचं गणित कच्चं होतं का? दानिएल बेर्नुलीने 1738 मध्येच दाखवून ठेवलं होतं की तोच एक डुकाट गरिबाच्या हातात जास्त वजनाचा असतो आणि श्रीमंताच्या हातात कमी. पगारावर जगणाऱ्या माणसाला 13 आणि 19 मधलं अंतर 19 आणि 25 मधल्या अंतरापेक्षा कितीतरी मोठं. वाटा किती हे फेर्मा सांगेल. तो घेऊन उठायचं की बसायचं, हे त्याच्या यादीत नाही. तार्ताल्याचं ते वाक्य मी आता वर्गात निराळं सांगेन, असं म्हटलं ते याचसाठी.

तर, दहा मिनिटं. त्यातली तीन भाच्याने सांगण्यात घालवली होती. माल्मथचं सूत्र तोंडी करणं मला जमणारं नव्हतं, म्हणून पास्कालची पहिली पायरी सांगितली. "जे कोणाचंच बुडणार नाही ते आधी बाजूला काढ. तिघांचे 4-4 लाख पक्के. भांडण फक्त उरलेल्या 8 लाखांवर. ते चिप्सप्रमाणे वाटा. तुला 8 लाख, मधल्याला 6 लाख 40 हजार, काकांना 5 लाख 60 हजार."

"काका मानतील," तो म्हणाला. फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना कागद ओढून सविस्तर सूत्राने मांडलं. भाच्याचे 7 लाख 68 हजार, मधल्याचे 6 लाख 55 हजार, काकांचे 5 लाख 77 हजार. म्हणजे माझ्या घाईच्या हिशेबात भाच्याला सुमारे 32 हजार जास्त जात होते आणि काकांना 17 हजार कमी. न्यायाधीश म्हणून मी नापास.

पण वाटणी झालीच नव्हती. काकांनी मान डोलावली होती. अडला तो मधला. त्याला पैसे नकोत, ट्रॉफी हवी, असं त्याने सांगितलं. तिघांतला एक जरी नाही म्हणाला तरी सौदा मोडतो. पुढच्या अर्ध्या तासात तोच सगळ्या चिप्स घालवून तिसरा आला आणि 4 लाख घेऊन गेला.

मग भाचा आणि काका समोरासमोर उरले. काका जिंकले. निकालाच्या फलकावर भाच्याच्या नावापुढे दुसरा क्रमांक आणि 6 लाख असा आकडा होता. त्याचं छायाचित्र त्याने मला पाठवलं आणि आईला दाखवू नकोस म्हणून बजावलं. त्या दोघांनी शेवटचा डाव सुरू करण्यापूर्वी आपसांत काही ठरवलं होतं का, हे मी त्याला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्याने काकांच्या स्वभावाचं फार कौतुक केलं.