ब्रेकअपच्या आधीचे नऊ महिने, नंतरचे अकरा : ब्यॉर्कचा 'व्हल्निक्युरा'

ब्रेकअपवरचे अल्बम ढिगाने सापडतात. पण कोणतं गाणं नातं तुटण्याच्या किती महिने आधीचं आणि कोणतं नंतरचं, हे छापून देणारा अल्बम क्वचितच दिसेल. आइसलँडची गायिका ब्यॉर्क हिने २०१५ मध्ये तेच केलं. अल्बमचं नाव 'व्हल्निक्युरा'. जखम आणि उपचार या अर्थांचे दोन लॅटिन शब्द जोडून ते तयार झालंय.

अमेरिकन कलाकार मॅथ्यू बार्नी आणि ब्यॉर्क दहा वर्षांहून जास्त काळ एकत्र होते. दोघांना एक मुलगी. २०१३ मध्ये हे नातं संपलं.

अल्बममध्ये ९ गाणी आहेत, पैकी पहिल्या सहांवर काळाची नोंद आहे. 'स्टोनमिल्कर' नऊ महिने आधीचं, 'लायनसाँग' पाच, 'हिस्टरी ऑफ टचेस' तीन. या तिन्हींत नातं अजून टिकून आहे आणि ऐकायला तीच जास्त जड जातात. 'स्टोनमिल्कर'मध्ये ती मन मोकळं करते, समोरचा मात्र काही बोलत नाही. 'हिस्टरी ऑफ टचेस'मध्ये रात्री जाग आलेली बाई शेजारच्या जोडीदाराला पाहून आजवरचे सगळे स्पर्श आठवते.

मग येतं 'ब्लॅक लेक'. दोन महिने नंतरचं, तब्बल दहा मिनिटांचं. कडव्यांच्या मध्ये व्हायोलिन-चेलोंचा सूर इतका लांब धरून ठेवलाय, की पहिल्यांदा ऐकताना नेट गेलं की काय असं वाटतं. पुढे इलेक्ट्रॉनिक ठोके वेग घेतात. 'फॅमिली'त दुःख जोडीदाराचं कमी, आई-बाप-मूल या घराचं जास्त. 'नॉटगेट' अकरा महिने नंतरचं. उरलेल्या तिनांपैकी 'माऊथ मंत्रा' तर तिच्या घशाच्या ऑपरेशनबद्दल आहे.

व्हायोलिन-चेलोंची रचना ब्यॉर्कची स्वतःची. इलेक्ट्रॉनिक बाजूला व्हेनेझुएलाची आर्का तिच्या जोडीला होती. तरी अल्बम एकट्या आर्कानेच घडवला असं माध्यमांत छापून आलं. बाईला आपलं काम आपलंच आहे हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, अशी तक्रार ब्यॉर्कने तेव्हा मुलाखतीत केली.

अल्बम येणार होता मार्चमध्ये, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधल्या तिच्या प्रदर्शनाच्या सुमारास. जानेवारीतच तो इंटरनेटवर लीक झाला, म्हणून २० जानेवारीला घाईने आयट्यून्सवर आणावा लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'व्हल्निक्युरा स्ट्रिंग्ज' आला. गाणी याच अल्बममधली, पण इलेक्ट्रॉनिक ठोके पूर्ण काढून टाकलेली.