‘पुढे जा’ ही सवय कुठून आली

रेल्वे स्थानकात किंवा विमानतळावर फुकटचे वायफाय जोडले, की ब्राउझर कधी कधी बजावतो, ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही.’ पुष्कळ लोक तो इशारा बाजूला सारून पुढे जातात. जनजागृतीच्या मोहिमा याचा दोष त्यांच्या अज्ञानाला आणि आळसाला देतात. या सवयीचा इतिहास पाहिला तर तो आरोप टिकत नाही. नेटवर्क उभारणाऱ्यांच्या आणि ब्राउझर घडवणाऱ्यांच्या निर्णयांनी ती लावली, आणि तेच निर्णय बदलले तेव्हा ती थोडीफार सुटली.

नेटस्केप या ब्राउझर कंपनीने १९९५च्या सुमारास एसएसएल ही जोडणी कूटबद्ध करणारी पद्धत आणली, त्यामागे ऑनलाइन खरेदीत कार्डाचा क्रमांक वाटेत कोणाच्या हाती लागू नये ही चिंता होती. समोरच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र त्याच पत्त्याचे आहे का, ते मान्य संस्थेने दिले आहे का, त्याची मुदत उरली आहे का, हे ब्राउझर तपासू लागला. पुढे हॉटेले, विमानतळ आणि कॉफीची दुकाने बिनपासवर्डचे वायफाय देऊ लागली. तिथे अटी मान्य करून घ्यायला किंवा पैसे घ्यायला एक सोपी युक्ती निघाली. ग्राहकाने कोणतेही पान मागितले तरी नेटवर्कने ती मागणी वाटेतच अडवायची आणि उत्तरादाखल आपले लॉगिनचे पान पुढे करायचे. वाटेत बसून दुसऱ्याच्या नावाने उत्तर देणारा हल्लेखोरही नेमके हेच करतो. दोघांत फरक हेतूचा आहे, आणि हेतू ब्राउझरला दिसत नाही. बहुतेक संकेतस्थळे कूटबद्ध नसलेल्या साध्या एचटीटीपीवर होती तोवर हे खपून गेले. ऑक्टोबर २०१०मध्ये एरिक बटलर यांनी फायरशीप हे फायरफॉक्सचे जोडसाधन जाहीर केले आणि खुल्या वायफायवर शेजारच्या माणसाच्या फेसबुक खात्यात शिरणे एका क्लिकचे काम झाले. जीमेलने त्याच वर्षी जानेवारीत एचटीटीपीएस, म्हणजे एचटीटीपीचे कूटबद्ध रूप, सर्वांसाठी आपोआप चालू केले होते, इतरही त्या वाटेने निघाले. आता लॉगिनच्या पानासाठी अडवलेली मागणी कूटबद्ध असे, नेटवर्कचे प्रमाणपत्र जुळत नसे आणि ब्राउझर इशारा देई. इशारा अगदी खरा होता. पण तो धुडकावला की लॉगिनचे पान उघडे आणि इंटरनेट मिळे. त्यातून माणूस जे शिकला ते त्याला नेटवर्कनेच शिकवले.

भारतात या लॉगिनच्या पानाला आणखी एक कारण मिळाले, आणि त्याचे धागे मुंबई परिसरात आहेत. जुलै २००८मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांची जबाबदारी घेणारा ईमेल नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरचे खुले वायफाय वापरून पाठवला गेला. त्यानंतरच्या ईमेलांसाठी माटुंग्यातल्या एका महाविद्यालयाचे आणि चेंबूरमधल्या एका कंपनीचे वायफाय वापरले गेले. फेब्रुवारी २००९मध्ये दूरसंचार विभागाने आदेश काढला, की सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटलीच पाहिजे, ओळखपत्राची प्रत ठेवून किंवा मोबाइलवर एसएमएसने लॉगिनचा तपशील पाठवून. जानेवारी २०१६मध्ये मुंबई सेंट्रलला गूगल आणि रेलटेलचे वायफाय सुरू झाले तेव्हा प्रवाशाला ओटीपी मागणारे पान भेटले ते याच पार्श्वभूमीवर.

यावर कोणी म्हणेल, की लोक इशारे तरीही वाचत नाहीतच. २०१३मध्ये देवदत्त अखावे आणि एड्रियन पोर्टर फेल्ट यांनी अडीच कोटींहून अधिक इशाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रमाणपत्राचा इशारा ओलांडून जाण्याचे प्रमाण क्रोममध्ये सुमारे ७० टक्के निघाले, फायरफॉक्समध्ये सुमारे ३३. फायरफॉक्स एकदा दिलेली सूट लक्षात ठेवतो आणि दोन्हींचा वापरकर्ता वर्गही अगदी सारखा नाही, त्यामुळे सगळा फरक मांडणीच्या खाती टाकता येत नाही. तरी माणसाचा स्वभावच बेफिकीर असता तर एवढी तफावत पडली नसती. शिवाय खोट्या गजराचाही प्रश्न आहे. गूगलच्या संशोधकांनी २०१७मध्ये क्रोममधल्या अशा तीस कोटींहून अधिक त्रुटी तपासल्या. चुकलेली घड्याळे, सर्व्हरची अर्धवट मांडणी आणि हीच लॉगिनची पाने ही त्यांतली ठळक कारणे निघाली. हल्ला नसतानाच जो गजर पुन्हा पुन्हा वाजतो, त्याकडे दुर्लक्ष करणाऱ्याला मूर्ख म्हणणे अन्यायाचे आहे.

पण म्हणून इशारे निरुपयोगी ठरत नाहीत. २०११मध्ये डिजिनोटार या प्रमाणपत्रे देणाऱ्या डच संस्थेत घुसखोरी होऊन गूगलच्या नावाचे बनावट प्रमाणपत्र निघाले आणि ते इराणमधल्या जीमेल वापरणाऱ्यांवर वापरले गेले. ते उघडकीस आले कारण क्रोमने एका इराणी वापरकर्त्याला सावध केले आणि त्याने तो इशारा गंभीरपणे घेऊन जाहीर विचारणा केली. एका माणसाच्या त्या सावधपणाचे मोल फार मोठे होते, आणि म्हणूनच खोट्या गजरांनी असा सावधपणा झिजवणे मला अक्षम्य वाटते.

सुधारणा झाल्या त्या माणसावरचा भार कमी करणाऱ्या. नोव्हेंबर २०१२मध्ये प्रमाणित झालेल्या एचएसटीएस या पद्धतीने, ती स्वीकारणाऱ्या संकेतस्थळांपुरता, इशारा ओलांडण्याचा पर्यायच काढून घेतला. फोन जोडणी होताच एक साधे चाचणी पान मागून लॉगिन हवे का ते स्वतः ओळखू लागले. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेने २०१५च्या अखेरीस फुकट प्रमाणपत्रे खुली केली. आज बहुतेक वाहतूक कूटबद्ध असल्यामुळे सार्वजनिक वायफायचा धोका संपला, असे काही जण म्हणतात. तो पुष्कळ कमी झाला हे खरे, पण हे संरक्षण इशाऱ्यापाशी थांबणाऱ्याला मिळते, तो ओलांडणाऱ्याला नाही. लॉगिन झाल्यावरही इशारा येत राहिला तर तिथे बँकेचे पान उघडू नये.

वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवणे पोलिसांना हवे आहे, हा आक्षेप मी मान्य करतो. पण त्यासाठी दुसऱ्याच्या नावाने उत्तर देण्याची गरज उरलेली नाही. लॉगिनच्या पानाचा पत्ता जोडणीच्या वेळीच उपकरणाला कळवण्याची पद्धत २०१५मध्ये प्रमाणित झाली, २०२०मध्ये ती सुधारली गेली आणि अँड्रॉइड ११ व आयओएस १४पासून फोनांना ती समजते. स्थानके, एसटीची आगारे आणि महापालिकांच्या वायफायच्या निविदांमध्ये ही पद्धत सक्तीची अट म्हणून घालायला हवी.